सातव्या खुर्चीचा कडू हात

शारोन रस्ता, पॅरिस
२६ ऑगस्ट १७८४

जावोत,

वर आशीर्वाद लिहिलेला नाही, तो शोधत बसू नकोस. हे कामाचं पत्र आहे.

जेरो हमालाबरोबर बारा खुर्च्यांचे सांगाडे पाठवते आहे. बाराही सोन्याच्या वर्खानं मढवून, घोटून, घोंगड्यांत गुंडाळून. गादीकाम तुमच्या दुकानाला दिलं ते राजवाड्याच्या सामानाचे तपासनीस मस्यू द ब्रेसी यांनी, मी नव्हे. मला विचारलं असतं तर पॅरिसातले सगळे गादीवाले एका रांगेत उभे करून तुझ्या नवऱ्याला शेवटी ठेवलं असतं. पण मला कोण विचारतं! तुझं लग्न ठरलं तेव्हा विचारलं नाहीस, तर आता खुर्च्यांचं कोण विचारणार?

आता तू म्हणशील, आईनं शपथ घेतली होती, मग हे पत्र कसं? शपथ मला चांगली आठवते. दोन वर्षांपूर्वी, सेंट ल्यूकच्या सणाला, सगळ्या वर्खवाल्यांसमोर, हातात मेणबत्ती धरून मी म्हटलं होतं की तुझ्याशी आणि त्या गादीवाल्याशी तोंडानं एक शब्द बोलणार नाही. बोललेली नाही. लिहिण्याचं काही ठरलं नव्हतं. जेरोबरोबर तोंडी निरोप पाठवला असता, पण तो मेला निरोपात स्वतःचं तिखटमीठ घालतो.

तर आता जावईबापूंना वाचून दाखव, आणि सावकाश वाच, म्हणजे त्यांना समजेल.

हातोडीच्या तोंडाला चामडं बांधायचं. खिळा तिरका मारायचा नाही. सांगाडा उचलायचा तो खालून, सोन्याला उघडं बोट लावायचं नाही. आठ खुर्च्या भिंतीला लागून राहणाऱ्या आहेत, त्यांच्या पाठीला नुसता पिवळा रंग आहे. तिथे सोनं नाही म्हणून आरडाओरडा करू नका. भिंत काही बघायला येत नाही. उरलेल्या चार खुर्च्या दिवाणखान्याच्या मधे फिरणाऱ्या, त्या चारही बाजूंनी सोन्याच्या. तुझ्या नवऱ्याला हे ठाऊक नसायचं. घोड्याच्या केसांतून मान वर काढायला सवड मिळेल तेव्हा ना!

आणि त्या बारा खुर्च्यांवर बसणार कोण? राजेसाहेबांसमोर बसायची मुभा असते पाच-सहा जणांना. बाकीचे सगळे खुर्च्यांपुढे उभे राहणार, कंबर दुखेपर्यंत. चौदा थर खडूचे, वर तांबडी माती, वर वर्ख, महिनाभर घोटाई, आणि शेवटी कुणी टेकायचंसुद्धा नाही. पण काम ते काम. वीस सप्टेंबरला कोठीत तपासणी आहे, आठ ऑक्टोबरला दरबार शिकारीच्या वाड्यावर जाईल, त्याआधी खुर्च्या तिथे पोचल्या पाहिजेत.

सांगाडे पाळण्याजवळ ठेवू नकोस. दुधाचे हात लागले की सोन्यावर डाग पडतो आणि तो जन्मात निघत नाही.

पेरीन दुतेर्त्र
विधवा, वर्खवाली


३ सप्टेंबर

जावोत,

झालं समाधान?

आज सकाळी मी सूपाला वाटाणे सोलत होते, तर जेरो दारात उभा. टोपी हातात. जेरोनं टोपी काढली की समजावं काहीतरी वाईट आहे.

म्हणाला, "पेरीनबाई, सातव्या खुर्चीच्या डाव्या हाताचं सोनं गळलं."

"गळलं म्हणजे? नाक आहे का ते?"

"मी बघितलं तसं सांगतो. एवढा तुकडा. अंगठ्याएवढा. सोनं, खडू, सगळंच."

"हातोडी कुठे होती तेव्हा?"

"हातोडी हातात होती, बाई. गादीवाल्याच्या हातात हातोडी नसणार तर काय सूपाचा डाव असणार?"

बघ, हमालसुद्धा मला शहाणपण शिकवतो.

अगं, मी लिहिलं नव्हतं का, चामडं बांध म्हणून? तू उलट लिहिलंस की चामडं बांधलेलंच असतं, आन्सेल्म नेहमीच बांधतो, आन्सेल्म फार जपून काम करतो, आन्सेल्म यंव आणि आन्सेल्म त्यंव. मग हे काय झालं? सुतार लाकूड जोडतो, नक्षीवाला कोरतो, आपण सहा-सहा महिने श्वास रोखून वर्ख लावतो, आणि सगळ्यांत शेवटी हा बाबा येतो, ठोकठोक करतो, वर रेशीम ताणतो आणि खुर्ची माझी म्हणून मिरवतो. तुझा बाप जन्मभर हेच बघत आला. म्हणून तर मी तुला सांगितलं होतं, कुणाशीही लग्न कर, घड्याळजी बघ, पाववाला बघ, पण गादीवाला नको. तुला अख्ख्या पॅरिसात दुसरा पुरुष दिसला नाही!

मी मस्यू द ब्रेसींना आजच लेखी तक्रार केली आहे. गादीवाल्याच्या हातोडीनं मुलामा बिघडला, असं स्पष्ट लिहिलं आहे. माझ्या तीस वर्षांच्या कामात एक टवका उडालेला नाही. तो दोष मी स्वतःच्या डोक्यावर घेणार नाही.

तुम्हांला वाईट वाटेल. वाटू दे.

पेरीन दुतेर्त्र


९ सप्टेंबर

जावोत,

तुझं पत्र मिळालं. आतली पुडीही मिळाली. पुडीत सातव्या खुर्चीचा टवका आहे म्हणतेस. मी उघडलेली नाही. मला काय त्याचं लोणचं घालायचंय?

तू लिहितेस, "आई, हातोडी लागली तर सोनं उडतं आणि खाली पांढरा खडू दिसतो. इथे खाली उघडं लाकूड दिसतंय. खडूसकट सगळं सालीसारखं सुटलंय. म्हणजे दोष तळाशी आहे. हे मला तूच शिकवलंस." व्वा! मी शिकवलेलं मलाच ऐकवतेस! लाकूड दिसतं कारण त्यानं हाणलंच तसं जोरात असेल. गादीवाल्याचा हात काय, लोहाराचा हात काय.

आणि हा दुसरा प्रश्न कशासाठी? "नऊ ते बारा या खुर्च्यांची पानं कुणी कोरली? पानांच्या शिरा कुठे गेल्या?" कुठे जातील? आहेत तिथेच आहेत. खडूचे चौदा थर बसले की नक्षी कणकेच्या गोळ्यासारखी दिसते, ती परत कोरून काढावी लागते, हे तुला मी सांगायला नको. तू होतीस तेव्हा तू कोरायचीस. तुझ्यासारखी कोरणी आपल्या मोहल्ल्यात कुणी धरली नाही, हे मी कधी नाकारलं नाही. पण तू कोरणी खुंटीला टांगून निघून गेलीस. मग मी दुसरी बाई ठेवली. मार्त नाव तिचं. हात जरा जड आहे. शिकेल.

ब्रेसीसाहेबांचं उत्तर मलाही आलं. वीस तारखेला सगळ्यांनी कोठीत हजर राहायचं, आणि दोष शाबीत झाला की त्या कारागिराचं नाव राजवाड्याच्या कामाच्या यादीतून कायमचं कापायचं. तू लिहितेस की आन्सेल्म दोन दिवस जेवला नाही, कारण वाड्यांचं काम गेलं की शहरातली बडी घरंही पाठ फिरवतात आणि दुकान बंद पडतं.

कायमचं कापा असं मी लिहिलं नव्हतं. ताकीद द्या एवढंच मनात होतं. पण आता साहेबांनी ठरवलं त्याला मी काय करू? मी काही त्यांची मालकीण नाही. आणि जेवत नाही म्हणजे काय? कांद्याचं सूप करून दे, वर पावाचे तुकडे टाक आणि समोर बसून भरव. पुरुष माणसं उपाशी राहून काय कमावतात देव जाणे.

हे सगळं तू माझ्यावर टाकू नकोस.

पे. दु.


१३ सप्टेंबर

जावोत,

पुडी उघडली.

उघडली म्हणजे जेवताना टेबलावर होती, हात लागला आणि उघडली. टवका पावाच्या चुऱ्यात पडला. मी तो बोटानं चाचपला, मग जिभेवर ठेवला. हसू नकोस. तुझा बापही सगळं चाखून बघायचा.

टवका कडू नाही.

तुला समजलं असेल. लिहायलाच नको, पण लिहिते. उघड्या लाकडाला पहिला हात द्यायचा तो कातड्याच्या सरसाचा, त्यात लसूण आणि कडू दवणा उकळलेला, म्हणून तो कडू हात. त्याच्याशिवाय खडू लाकडाला धरत नाही. आपल्या घराला वर्षभर त्याचाच वास, तुझ्या लहानपणी शेजारच्या पोरी तुला लसणी म्हणून चिडवायच्या. हा टवका मागच्या बाजूनं चाटला तर जीभ वाकडी व्हायला हवी होती. काही नाही. नुसती माती.

सातव्या खुर्चीला कडू हात दिलाच गेलेला नाही.

आता लगेच उड्या मारू नकोस. मी विचार केला आहे. सुतार बोद्रो काल आला होता, त्याला थोडंसं सांगितलं. तो म्हणाला, "पेरीनबाई, कशाला जिवाला लावून घेता? भिंतीची खुर्ची आहे. कोपऱ्यात टाकायची, डावा हात भिंतीकडे. शंभर वर्षं कुणाला पत्ता लागणार नाही." मी त्याला हाकलून दिलं. खुर्चीच्या पाठीला पिवळा रंग देणं ही रीत आहे, हातावरचं भोक लपवणं ही लबाडी आहे.

मग मला दुसरं सुचलं. आन्सेल्मनं साहेबांना सांगावं की यंदा उकाडा फार होता, उकाड्यानं सोनं सुटलं. हवेचा दोष. मीही मान डोलावीन. म्हणजे त्याचं नाव कापलं जाणार नाही आणि माझंही. कुणाचंच काही जात नाही.

तीस वर्षं, जावोत. तुझ्या बापाचं नाव आहे त्या दारावर. माझा विचार करायचा नसेल तर त्याचा कर.

आई


१८ सप्टेंबर

जावोत,

तू माझं पत्र परत पाठवलंस. वाचून, आणि खाली एकच ओळ लिहून. "कुठल्या दिवशी, आई?"

बस्स, एवढंच? शिव्या दिल्या असत्यास तर बरं वाटलं असतं. मी त्यांना साजेशी उत्तरं तयार ठेवली होती.

कडू हात राहिला तो सेंट जॉनच्या दिवशी. घे. चोवीस जून. आता झालं?

त्या दिवशी सकाळी जेरो सांगून गेला की चार वाजता बोन-नूव्हेल चर्चमध्ये तुझ्या पोरीचा बाप्तिस्मा आहे. मी म्हटलं, मला काय करायचंय? आणि कामाला लागले. पहिल्या खुर्चीला कडू हात दिला, दुसरीला दिला, अशा सहा झाल्या. मग हात धुतले. मग डोक्याचा टोप बदलला. का बदलला ते मला विचारू नकोस, मलाच कळलं नाही. अर्धं पॅरिस पायी तुडवत गेले आणि तिसऱ्या खांबामागे उभी राहिले. तुम्हांला दिसू नये म्हणून. वास येत असणार, सगळं अंग लसणानं घमघमत होतं. एक बाई नाक धरून दुसरीकडे जाऊन बसली.

जेरोची बायको तोनेत बाळाला घेऊन पुढे उभी होती. मला वाटलं, चला, हमालाची बायको धर्ममाता केली, आईला चांगलं चिडवलं. आणि मग पाद्रीबाबा मोठ्यानं वाचायला लागले. मुलीचं नाव पेरीन. धर्ममाता, पेरीन दुतेर्त्र, विधवा, वर्खवाली. गैरहजर. तिच्या जागी तोनेत.

गैरहजर!

अगं, मी दहा पावलांवर होते! आणि माझ्या परवानगीशिवाय माझं नाव देणारी तू कोण? विचारायचं नाही, सांगायचं नाही, सरळ नाव देऊन मोकळी! शपथ घेतलेल्या बाईला धर्ममाता करतात का कुणी? असं वाटलं की पुढे जाऊन ओरडावं, अहो पाद्रीबाबा, ते खोडा, ती बाई इथे आहे. पण तोंड उघडलं असतं तर तुझ्यासमोरच उघडलं असतं, आणि शपथ मोडली असती. म्हणून मी खांबाला धरून उभी राहिले. पोरीनं पाणी पडल्यावर केवढा मोठा गळा काढला! माझ्यावरच गेली आहे.

घरी आले ती कशी आले मला आठवत नाही. समोर सातवी खुर्ची होती. मी सरळ खडूचं भांडं उचललं आणि पहिला पांढरा हात दिला. तिला कडू हात द्यायचा राहिला आहे हे माझ्या डोक्यातच आलं नाही. डोक्यात एकच शब्द होता, तो तुला वर लिहिलाच आहे.

आता दुसरंही ऐकून घे, सांगतेच आहे तर. मार्त नावाची कुणी बाई नाही. नऊ ते बारा मीच कोरल्या. इस्टरपासून मला बारीक दिसत नाही. पानाची कड दिसते, शीर दिसत नाही. बोटांनी चाचपून कोरल्या. वर्ख लावायला बोटं आणि गाल पुरतात, तूलिका गालावरून फिरवून जराशी तेलकट करायची, तिनं वर्ख उचलायचा, तेवढं जमतं. कोरायला डोळे लागतात.

परवा मी साहेबांना खरं सांगणार आहे. आन्सेल्मला सांग, त्यानं एक अक्षर बोलायचं नाही. सांग, त्याचं नाव कापलं जाणार नाही. आणि त्याला जेवायला घाल.

मला उत्तर नको आहे.

आई


२० सप्टेंबर

जावोत,

तुझा नवरा ठार वेडा आहे. हे तुला माहीत होतं का लग्नाआधी?

तू पोरीच्या पोटदुखीमुळे आली नाहीस, म्हणून सगळं लिहावं लागतंय, नाहीतर तो घरी येऊन भलतंच सांगेल. कोठीत बाराही खुर्च्या ओळीनं मांडलेल्या होत्या. एकीकडे सुतार बोद्रो, एकीकडे मी, आणि समोर आन्सेल्म, नवा कोट घालून. तो कोट तू शिवलास ना? खांद्यात घट्ट आहे. ब्रेसीसाहेब सातव्या खुर्चीपाशी थांबले. मी पुढे झाले, घसा खाकरला, दोन दिवस पाठ केलेलं पहिलं वाक्य तोंडात आलं, आणि तेवढ्यात हा म्हणतो, "साहेब, माझी हातोडी घसरली. चूक माझी आहे."

मला आधी वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

साहेब म्हणाले, "म्हणजे बाईंची तक्रार खरी आहे तर."

"अगदी खरी, साहेब."

आणि मी ओरडले. "गप्प बस, गाढवा!"

आणि हा मूर्ख माझ्याकडे बघून हसतो काय, म्हणतो काय, "सासूबाई, तुम्ही बोललात!"

मोडली शपथ! दोन वर्षं सांभाळलेली, आणि मोडली ती त्याच्यासाठी!

मग काय, पुढे सगळंच बोलून टाकलं. म्हटलं, "साहेब, हातोडीचा दोष असता तर खाली खडू दिसला असता. हे लाकूड आहे. याला कडू हात दिलेला नाही. तो द्यायचा होता मला. मी विसरले आणि यांच्यावर ढकललं. यादीतून कापायचं तर माझं नाव कापा."

साहेब खाली वाकले, टवक्याच्या जागेवरून नख फिरवलं. मग पुढच्या खुर्च्यांकडे गेले आणि नवव्या खुर्चीच्या पानांवरून बोट फिरवलं. दहाव्या. अकराव्या. बाराव्या. मला वाटलं आता मी तिथेच बसणार, राजेसाहेबांच्या खुर्चीवर, परवानगीशिवाय.

"हे कुणी कोरलं?"

"मीच."

"डोळे?"

"नाहीत पूर्वीसारखे."

ते म्हणाले, "शिरा पुसट आहेत, पण रेषा चुकलेली नाही. लांबून चालेल." आणि मग कागदावर काहीतरी लिहिलं. अकरा खुर्च्या घेतल्या. सातवी परत, डावा हात लाकडापर्यंत खरवडून नवा करायचा, सहा ऑक्टोबरच्या आत. गादीवाल्याचं नाव यादीत राहील. माझं राहील की नाही ते सातवी खुर्ची बघून ठरेल, आणि तिची कोरणी माझ्या हाताची चालणार नाही. डोळस हात हवा. कुणाचा, ते मी बघायचं.

येताना आन्सेल्मनंच खुर्ची पाठीवर घेतली. जेरोला हात लावू दिला नाही. शपथ मोडलीच होती, म्हणून मी वाटेत त्याला विचारलं, "मी कबूल करणार हे जावोतनं तुला सांगितलं नव्हतं का?"

म्हणाला, "सांगितलं होतं. म्हणूनच मी आधी बोललो."

"का पण?"

"माझं नाव कापलं तर मी बाजारात बसून उशा शिवेन. तुमचं कापलं तर तुम्ही काय करणार, सासूबाई?"

मी म्हटलं, कोट खांद्यात घट्ट आहे, शिवण उसवून घे. तो म्हणाला, हो. शारोन रस्ता आल्यावर पाण्याच्या हौदापाशी मी त्याला दुधाची कॉफी पाजली. उभ्याउभ्या प्यायला, खुर्ची पाठीवरच.

मला त्याचा राग अजूनही आहे. कशाचा, ते आठवून लिहीन.

आई


२३ सप्टेंबर

जावोत,

आशीर्वाद. शोधायला नको, पहिलाच शब्द लिहिला आहे. नातीलाही.

सातव्या खुर्चीचा हात खरवडून काढला. काल कडू हात दिला, दोनदा चाखून बघितला. अजून सूप कडू लागतंय. आजपासून खडू. चूल पेटवून ठेवली आहे, दिवसाला तीन थर वाळतील, म्हणजे सेंट मायकेलच्या सणापर्यंत चौदा पुरे होतील. त्यानंतर कोरणी.

मोहल्ल्यात मी चौकशी केली. नक्षीवाला फ्रँको येतो म्हणाला. त्याचा हात मी ओळखते, तो पानाला बोट करतो आणि बोटाला काकडी. त्याला नको म्हटलं. दुसरं कुणी मला सुचत नाही. खरं सांगायचं तर मी दुसऱ्या कुणाचा विचारच केलेला नाही.

तुझी कोरणी खुंटीवर आहे, तू टांगून गेलीस तिथेच. गंज चढू नये म्हणून मी दर महिन्याला पुसते. त्यात शपथेचं काही मोडत नव्हतं.

तू येशील का? त्याच सणाला, एकोणतीस तारखेला, सकाळी, उजेड चांगला असतो तेव्हा. आन्सेल्मलाही आण, त्याची हातोडीही आणू दे, गादी परत बसवावी लागेलच. पोरीला आण. वर्ख लावायच्या दिवशी दारं-खिडक्या बंद ठेवाव्या लागतील, तिला शिंक येऊ देऊ नकोस, एका शिंकेत सगळे वर्ख छताला चिकटतील. वासाची सवय होईल तिला. तुलाही झाली होती.

आता शपथेचं. गादीवाल्याच्या वाट्याची मोडली, ती मोडली. सेंट ल्यूकच्या मूर्तीपुढे मी मेणबत्ती लावून माफी मागितली आहे. तुझ्या वाट्याची मात्र अजून आहे, आणि सगळ्या वर्खवाल्यांसमोर घेतलेली शपथ मी दोनदा मोडली तर माझं तोंड कुणाला दाखवू? पण मी नीट विचार केला आहे. शपथ घेतली तेव्हा ती पोर जन्माला आलेली नव्हती. तिचं नाव त्यात नाही. तिच्याशी बोलायला मला कुणाची बंदी नाही.

तेव्हा आल्याबरोबर तिला माझ्या मांडीवर दे आणि तू पहिल्या पानापासून सुरुवात कर. मी तिच्याशी बोलेन. शीर कुठून काढायची, कुठे हात थांबवायचा, इतके दिवस घरात मी एकटीनं काय काय बडबड केली, सगळं तिला सांगेन. तू ऐकत राहा.

पेरीन दुतेर्त्र
विधवा, वर्खवाली, हजर